रागाचा आकडा

८ डिसेंबर २०२३ला नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये कांद्याचे लिलाव बंद पडले. आदल्या दिवशी केंद्राची कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली होती. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवता येईना, आणि डिसेंबरात थेट दार बंद झालं. साडेतीन महिन्यांत तीन फटके.

यातला शेवटचा फटका कुणाला बसला हे कळायला कांद्याचं वेळापत्रक माहीत हवं. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा आणि त्यामागून रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा. हा माल टिकत नाही. काढला की विकावा लागतो, भाव काहीही असो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो, तो साठवणीच्या चाळीत चार-सहा महिने राहतो आणि शेतकऱ्याला थोडं थांबता येतं. म्हणजे बंदी आली ती ज्यांना थांबताच येत नाही अशांच्या हंगामात. बंदीची मुदत ३१ मार्च २०२४पर्यंत होती, म्हणून उन्हाळ कांदावाल्यांनी आशा धरली. २२ मार्चला ती पुढच्या आदेशापर्यंत वाढवली गेली. मग एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टन निर्यातीची मुभा मिळाली. तेवढ्या टनांनी बाजारभाव हलत नाही, पण गावातली भाषा तिथे बदलली. तोवर तक्रार भावाची होती, त्यानंतर ती अपमानाची झाली. ४ मे रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघाचं मतदान २० मे रोजी होतं. मधे सोळा दिवस. तिथल्या भाजपच्या उमेदवार, तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार १,१३,१९९ मतांनी हरल्या.

मतदारांचा राग हा शब्द आपण हवामानासारखा वापरतो. लाट आली, वारं फिरलं. माझं म्हणणं वेगळं आहे. निवडणूक हे राग मोजायचं यंत्र म्हणून बनवलेलंच नाही. ते निवड मोजतं. रागाला त्यात शिरायचं तर निवडीचं रूप घ्यावं लागतं आणि ते रूप घेताना त्याचा बराचसा अर्थ गळून जातो. कुठल्या वाटेने गेल्यावर किती गळतो, हे माहीत असणं रागावलेल्या माणसाच्या हिताचं आहे. राजकारण्यांना ते आधीपासून माहीत असतं.

पहिली वाट समोरच्या उमेदवाराला मत देण्याची. दिंडोरीत तिच्यातून राग नीट मोजला गेला, कारण तीन गोष्टी जुळल्या. नुकसानाला तारीख होती. त्याला पत्ता होता: निर्णय केंद्राचा, तोही एका अधिसूचनेचा, त्यामुळे ‘वरून आलं, खालून झालं’ अशी टोलवाटोलवी चालेना. आणि समोर एकच ठळक पर्याय होता. दुष्काळ, बेकारी, महागाई हे राग याहून मोठे असतात, पण त्यांना तारीख नसते आणि पत्ते अनेक असतात. म्हणून ते मतदानात पसरट होतात.

तरीही गळती झालीच. विजयी उमेदवार भास्कर भगरे यांच्या पक्षाचं, म्हणजे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं, चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच मतपत्रिकेवर बाबू भगरे नावाचे अपक्ष होते आणि त्यांचं चिन्ह तुतारी. त्यांना १,०३,६३२ मतं पडली. साताऱ्यात तर ही गोष्ट निकालापर्यंत गेली असं पक्षाचं म्हणणं होतं: त्याच पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि तुतारी चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मतं मिळाली. यातली किती मतं गोंधळाची आणि किती खरीखुरी, हे यंत्र कधीच सांगणार नाही. यंत्रावर नावांचा क्रम ठरलेला असतो: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. चिन्हाच्या शेजारी उमेदवाराचा फोटो असतो. बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती पाहून चूक लक्षात आली तरी दिलेलं मत परत घेता येत नाही. गावात प्रचार करणाऱ्याने म्हणूनच चिन्हाबरोबर यंत्रावरचा अनुक्रमांक सांगायचा असतो. ‘तुतारी’ एवढं म्हणून भागत नाही.

दुसरी वाट नोटाची, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’ या बटणाची. तिच्याबद्दल सुशिक्षितांत जितका लोभ आहे तितकं तिच्यात बळ नाही, हे मनाला लागतं पण खरं आहे. आधी नियम ४९-ओ होता. कुणालाच मत द्यायचं नसेल तर केंद्राध्यक्षाला तसं सांगायचं, तो नमुना १७-अच्या नोंदवहीत शेरा मारणार आणि मतदार सही किंवा अंगठा करणार. सगळ्या प्रतिनिधींसमोर. गुप्तता तिथेच संपली. २७ सप्टेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला आणि यंत्रावर शेवटचं बटण आलं. गुप्तता मिळाली. परिणाम मात्र मिळाला नाही. नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी लोकसभा-विधानसभेत त्याखालचा उमेदवार निवडून येतो. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, त्या वैध मतांच्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. म्हणजे नोटा दाबून कुणाची अनामतसुद्धा जप्त करवता येत नाही.

२०१९च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून जास्त मतं. पलूस-कडेगावातही दुसरा, २० हजारांहून जास्त. दोन्हीकडे जागावाटपात जागा मित्रपक्षाला गेली होती, आणि दुसऱ्या मित्राच्या कार्यकर्त्यांचा रुसवा त्या बटणावर उतरला अशी चर्चा झाली. विजेत्याला त्याचा काहीच त्रास झाला नाही. इंदूरमध्ये २०२४ला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, पक्षाने नोटाचं आवाहन केलं, २,१८,६७४ मतं पडली. विजयी उमेदवाराचं मताधिक्य ११,७५,०९२. देशात नोटाला एका मतदारसंघात इतकी मतं त्याआधी कधी मिळाली नव्हती आणि लोकसभेत त्यामुळे काहीही बदललं नाही. सुरतेत त्याच वर्षी मतदानच झालं नाही. काहींचे अर्ज बाद, बाकीच्यांची माघार, उरलेला एक बिनविरोध. बिनविरोध निवडीत यंत्र येत नाही, म्हणून नोटाही येत नाही.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता नियम थोडा पुढचा आहे. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये नोटाला काल्पनिक उमेदवार मानलं. त्याला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. ग्रामपंचायतीच्या प्रभागात काही शे मतांत निकाल लागतो, तिथे हे बटण खरोखर चालू शकतं. नोटाचा आग्रह धरणाऱ्यांनी विधानसभेऐवजी वॉर्डात जोर लावला तर त्याला अर्थ आहे.

तिसरी वाट बहिष्काराची. रस्ता नाही, पूल नाही, वीज नाही, म्हणून वेशीवर फलक लागतो आणि तहसीलदारांना निवेदन जातं. २०२४ला मेळघाटातल्या काही गावांनी हेच केलं. याच्यामागचं दुःख मी हलकं लेखणार नाही. पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागतं त्या गावाला मतदानाचं कर्तव्य शिकवायला जाऊ नये. पण बहिष्काराची वेळ जवळजवळ नेहमी चुकते. निवेदन जातं ते निवडणूक जाहीर झाल्यावर आणि निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते. मग समजूत काढायला आलेले प्रांत, तहसीलदार, गटविकास अधिकारी नवीन काम मंजूर करूच शकत नाहीत. फार तर ‘आचारसंहितेनंतर प्रस्ताव सादर करू’ असं पत्र देतील. कार्यादेश निघून जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेलं काम मात्र आचारसंहितेत थांबत नाही. म्हणजे गावाचा जोर खरा चालतो तो आधीच्या सहा-आठ महिन्यांत, जिल्हा नियोजनाचे आराखडे ठरतात आणि आमदार-खासदारांना आपल्या निधीतलं काम उद्घाटनाला तयार हवं असतं तेव्हा. फलक तेव्हा लावावा.

मतदानाच्या दिवशी काय होतं? पथक आदल्या दिवशी येतं. सकाळी किमान ५० मतांचं अभिरूप मतदान घेऊन यंत्र शून्यावर आणतात, मोहरबंद करतात आणि सहापर्यंत बसतात. नोंदलेल्या मतांच्या हिशेबाच्या कागदावर, नमुना १७-कवर, शून्य लिहितात. कायद्यात किमान मतदानाची अट नाही. केंद्र बळकावणं, यंत्र बिघडणं, दंगल यांसाठी फेरमतदान आहे, कुणी आलंच नाही यासाठी नाही. पूर्व नागालँडच्या सहा जिल्ह्यांनी १९ एप्रिल २०२४ला वेगळ्या प्रदेशाच्या मागणीसाठी घरी बसून दाखवलं. चार लाखांच्या आसपास मतदार, वीस विधानसभा क्षेत्रं, केंद्रं जवळजवळ रिकामी. इतका शिस्तीचा बहिष्कार देशात क्वचित झाला असेल. नागालँडची एकमेव जागा उरलेल्यांच्या मतांवर ठरली.

चौथी वाट उमेदवारांची गर्दी करण्याची. ती विलक्षण आहे आणि तिची आठवण मराठवाड्यात २०२४च्या मार्चमध्ये निघाली. अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ला आंदोलकांवर लाठीमार झाला, त्यानंतर मराठा आरक्षणाचा प्रश्न गावागावात धगधगत होता. लोकसभेला गावागणिक उमेदवार उभे करायचे, म्हणजे यंत्र पुरणार नाही आणि मतपत्रिकेवर मतदान घ्यावं लागेल, अशी चर्चा सुरू झाली. कल्पना नवी नव्हती. १९९६ला आंध्रातल्या नलगोंडा मतदारसंघात पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडकडे लक्ष वेधायला शेकडो लोक उभे राहिले. एकूण ४८० उमेदवार झाले, मतपत्रिकेची वही झाली, मतदान पुढे ढकलावं लागलं. त्याच वर्षी तामिळनाडूच्या मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार होते. व्यवस्थेने याला दिलेलं उत्तर पाहा: त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये झाली. अपक्षाला दहा सूचक सक्तीचे झाले. आज अनामत लोकसभेला २५,००० आणि विधानसभेला १०,००० आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मी.

आता हिशेब करू. एका मतदान युनिटवर १६ बटणं. नव्या, म्हणजे एम-३ यंत्राला अशी २४ युनिटं जोडता येतात, एकूण ३८४ बटणं. शेवटचं नोटाचं. यंत्र मोडीत काढायला ३८४ उमेदवार लागतात, त्यांची अनामत ९६ लाख रुपये, आणि ती जवळजवळ सगळी जप्त होणार. प्रत्येकाला नमुना २६चं शपथपत्र, निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं, दहा सूचक. छाननीत एका सूचकाची सही अमान्य झाली की अर्ज बाद. आणि गावातल्या पोरांना कुणी सांगत नाही ती गोष्ट: निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो, एक रुपया खर्च केला नसला तरी. नाही दिला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मग तोच तरुण पुढे ग्रामपंचायत लढवायला गेला की अडचणीत येतो. अखेर बीडला ४१ उमेदवार राहिले. नोटा धरून ४२ बटणं, तीन युनिटांत मावली.

ही वाट एकदा फळली, ती निजामाबादला. २०१९ला हळदीला भाव आणि हळद बोर्ड मिळावं म्हणून १७०हून जास्त शेतकऱ्यांनी अर्ज भरले. एकूण १८५ उमेदवार, बारा युनिटं, मतदान कक्षात ती ओळीने मांडावी लागली. या शेतकऱ्यांपैकी अनेकांची हळद सांगलीच्या बाजारात येते, त्यामुळे तिथल्या पेठेतही ही निवडणूक चर्चेत होती. तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कन्या के. कविता ७०,८७५ मतांनी हरल्या. जिंकलेल्या धर्मपुरी अरविंद यांनी बोर्ड आणण्याचं वचन बाँड पेपरवर लिहून दिलं होतं. बोर्डाची घोषणा ऑक्टोबर २०२३मध्ये झाली, तेलंगणाच्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. उद्घाटन १४ जानेवारी २०२५ला. साडेपाच वर्षांहून जास्त काळ गेला, पण मागणी पूर्ण झाली. का? यंत्र अडलं म्हणून नाही, यंत्र तर पुरलं. मागणी एका ओळीत लिहिता येत होती आणि ती पूर्ण झाली की नाही हे कुणालाही तपासता येत होतं. म्हणून ती टिकली.

आता ज्या कागदावर हा सगळा राग शेवटी उतरतो त्याबद्दल. त्याचं नाव नमुना २०. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला पडलेली मतं असतात आणि तो सर्वांना पाहता येतो. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार. छोट्या गावाला एकच केंद्र. म्हणजे व्यक्तीचं मत गुप्त, गावाचं मत उघडं. पूर्वी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकमेकांत मिसळून मोजता येत, यंत्राने ती सोय घालवली. चौदा केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर नावाचं उपकरण वापरावं असं निवडणूक आयोगाने २००८मध्ये सुचवलं, विधी आयोगाच्या २०१५च्या अहवालानेही पाठिंबा दिला, पण ते वापरात आलं नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक आमदाराच्या कचेरीत हा तक्ता उघडतो, कुठल्या वाडीने हात दिला आणि कुठल्या वाडीने फिरवला ते रंगवलं जातं. पाणंद रस्त्याचा निधी पुढे कुठे जातो, याचा त्या रंगांशी संबंध असतो हे ग्रामीण भागात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून छोटं गाव रागावतानासुद्धा जपून रागावतं. टोटलायझर आलं पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं. त्याला यंत्रविरोधाचं किंवा यंत्रसमर्थनाचं लेबल लावायची गरज नाही.

या तक्त्याची दुसरी बाजूही आहे. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत २०२४च्या विधानसभेला भाजपचे राम सातपुते यांना १,००३ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उत्तम जानकर यांना ८४३ मतं दिसली. जानकर मतदारसंघात जिंकले होते, तरी गावातल्या काहींना हा आकडा पटला नाही. ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर गावापुरतं मतदान घ्यायचं ठरलं, जमावबंदी लागली, ते झालं नाही. केंद्रनिहाय आकडा गावाच्या ओळखीशी असा जोडला जातो.

आणि मग नोव्हेंबर २०२४ची विधानसभा. दिंडोरी लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात: नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड, दिंडोरी. सहा महिन्यांनी सहाही महायुतीने जिंकले. मराठवाड्यात लोकसभेच्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीला गेल्या होत्या, विधानसभेच्या ४६पैकी ४० महायुतीच्या तीन पक्षांना. ‘लोक विसरतात’ असं म्हणून हे उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. लोक विसरले नाहीत, त्यांच्यासमोरची निवड बदलली. जूनच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली, २१ ते ६५ वयाच्या महिलांना महिना १,५०० रुपये. ऑगस्टमध्ये पहिले दोन हप्ते एकदम पडले, मतदानाआधी पाच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये थेट खात्यात. १३ सप्टेंबरला कांद्याचं किमान निर्यातमूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. चाळीतला माल कमी, भाव क्विंटलला चार हजारांच्या पुढे. आरक्षणाच्या बाजूने मनोज जरांगे यांनी ४ नोव्हेंबरला उमेदवार न देण्याचं जाहीर केलं, म्हणजे त्या रागाला बटणच उरलं नाही. आणि दुसऱ्या बाजूला मराठा आंदोलनामुळे अस्वस्थ झालेले ओबीसी मतदार एकवटले. एका रागाने दुसरा राग जागा होतो, हे मोजणारे नेहमी विसरतात.

सरकारने जूनच्या निकालातून ‘किती’ वाचलं, ‘का’ वाचायची गरज पडली नाही. मतात ‘का’ लिहिलेलं नसतं. कांद्याचं धोरण सुधारणं अवघड, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला शहरातला ग्राहक आहे आणि तोही मतदार आहे. १९९८ला कांदा भडकला, दिल्लीत मुख्यमंत्री बदलला, सुषमा स्वराज आल्या आणि तरी काँग्रेसने ७०पैकी ५२ जागा घेतल्या. भाजपला दिल्ली परत मिळायला २०२५ उजाडलं. त्या निकालाची धास्ती प्रत्येक केंद्र सरकारच्या मनात आहे, मग पक्ष कुठलाही असो. शहरात भाव चढले की पहिला हात निर्यातीच्या कडीकडे जातो. म्हणजे लासलगावच्या शेतकऱ्याने भोगलेली बंदी ही दुसऱ्या मतदाराच्या रागाची भीती होती. थेट पैशात मात्र कुणीच कुणाच्या विरुद्ध नसतं. म्हणून ते उत्तर सोपं पडतं, आणि मूळ धोरण जागेवर राहतं.

१ एप्रिल २०२५ला उरलेलं २० टक्के शुल्कही गेलं. त्या वर्षी पीक भरपूर आलं, भाव पडले. आता अडवणारी बंदी नव्हती, पण बंदीच्या काळात तुटलेली गिऱ्हाइकं सहजी परत येत नाहीत. आयातदार देश तोवर दुसरीकडून माल घ्यायला किंवा स्वतः पिकवायला लागतात. या नुकसानाला अधिसूचनेचा क्रमांक नाही.

कांदा पट्ट्यातल्या माणसाने पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला एकच गोष्ट विचारावी. उन्हाळ कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, लागवड डिसेंबर-जानेवारीत होते, चाळ रिकामी व्हायला पुढचा सप्टेंबर उजाडतो. रोप टाकण्याआधी निर्यातीचा जो नियम असेल तो चाळ रिकामी होईपर्यंत बदलणार नाही, शहरात भाव चढले तर सरकार बाजारातून घेऊन स्वस्तात विकेल पण कडी लावणार नाही, हे लिहून देता का? मागणी एका ओळीत बसते, आणि पाळली की नाही ते तारखेनिशी दिसतं. विचारायची ती सप्टेंबरात, आचारसंहिता लागायच्या आधी.